अँटिऑक्सिडंट दिलं तर सी. एलिगन्स जास्त जगतो का?

प्रश्न: फ्री रॅडिकल्समुळे (पेशीत तयार होणारे अतिक्रियाशील रेणू) पेशी खराब होऊन म्हातारपण येतं म्हणतात, मग सी. एलिगन्स या प्रयोगशाळेतल्या छोट्या कृमींना ते रॅडिकल्स निष्प्रभ करणारं अँटिऑक्सिडंट दिलं की आयुष्य वाढायला हवं ना?

उत्तर १: इतकं सरळ नाहीये ते. २००९ मध्ये मायटोकाँड्रियातल्या (पेशीचं ऊर्जाकेंद्र) रॅडिकल्सपासून बचाव करणाऱ्या एसओडी-२ एन्झाइमचं जनुकच काढून टाकलं, तर कृमी उलट जास्त जगले!

उत्तर २: २००७ चा प्रयोग तर मला फारच आवडतो, ग्लुकोजचा वापर अडवला की मायटोकाँड्रियाचं श्वसन वाढतं, रॅडिकल्स थोडे जास्त तयार होतात आणि त्यानेच पेशीची बचावयंत्रणा जागी होऊन आयुष्य वाढतं, पण सोबत अँटिऑक्सिडंट दिलं की फायदा गायब.

प्रश्नकर्ता: म्हणजे थोडा ताण चांगलाच?

उत्तर १: हो, पण मात्रा बघा. पॅराक्वाट (रॅडिकल्स वाढवणारं तणनाशक) अगदी कमी असेल तर आयुष्य वाढतं, जास्त झालं की मरतात.