पेस गेला, आता ऑफ कटर शिकू का?

पलूसचा_पेसर
नमस्कार. वय २१, उजव्या हातानं फास्ट मीडियम टाकतो. दिवाळीनंतर कंबरेत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, पाच महिने बॉलला हात लावला नाही. आता परत टाकतोय, पण पूर्वी वीस पावलं मागं थांबणारा कीपर आता बारा पावलांवर येऊन उभा राहतो. सर म्हणतात ऑफ कटर शीक, म्हणजे बोटांनी कापून टाकलेला, टप्प्यानंतर उजव्या बॅट्समनकडे आत वळणारा बॉल. मला ते हरल्यासारखं वाटतं. असा बदल करून कुणी पुढं खेळलंय का?

विश्रामबाग_काका
खेळलंय की! डॉन शेफर्ड. वेल्समधल्या ग्लॅमॉर्गन काउंटीचा बॉलर. १९५० ला आला तो फास्ट म्हणून, १९५२ ला शंभरावर विकेट काढल्या. पुढची दोन-तीन वर्षं कोरडी गेली. मग वेग उतरवला आणि जोरकस ऑफ कटर धरला. १९५६ च्या एका हंगामात १७७ विकेट! आठवड्याला तीन-तीन दिवसांच्या दोन मॅचेस असायच्या तेव्हा, त्यात हा गडी १९७२ पर्यंत टिकला. फर्स्ट क्लासमध्ये २,२१८ विकेट. टेस्ट एकही मिळाली नाही, आणि टेस्ट न खेळलेल्यांत एवढ्या विकेट दुसऱ्या कुणाच्याच नाहीत. १९६९ ला ग्लॅमॉर्गन काउंटी चॅम्पियन झाली ती कार्डिफला वूस्टरशरला हरवून. त्या मॅचची शेवटची विकेट शेफर्डची, कारकिर्दीतली २,००० वी. वय ४२. मला ही मॅच कितीदाही सांगायला आवडते.

मी चोविसाव्या वर्षी ऐकलं नाही कुणाचं. जोर लावत राहिलो, खांदा गेला, खेळ सुटला. आज हळदीच्या अडतीवर बसलो तरी उजवा हात वर नेताना कळ येते. तू तसं करू नकोस बाळा.

अंगठ्याशेजारचं पहिलं बोट शिवणीवर ठेव. सोडताना बोटं बॉलच्या उजव्या अंगानं खाली ओढ. हात मात्र फास्ट टाकतोस तसाच फिरू दे. तो मंदावला की बॅट्समन ओळखतो.

कराडची_आर्म_बॉल
काकांचं पटतं, पण एक राहिलं. त्या काळी इंग्लंडात पिच झाकत नसत. पाऊस पडून ओल धरली की कटर चावायचा. आपल्याकडे ते काम पिचवर अंथरलेली मॅट करते. पाकिस्तानच्या फजल महमूदनं १९५६ ला कराचीत मॅटवरच ऑस्ट्रेलियाच्या १३ विकेट काढल्या, कटरवर. सांगलीत मॅटवर वळला म्हणून पुण्याला सिलेक्शनमध्ये टर्फवर, म्हणजे मॅट नसलेल्या मातीच्या पिचवर, तेवढाच वळेल असं धरू नकोस. तुझा आउटस्विंग, म्हणजे हवेतच बाहेर जाणारा बॉल, असेल तर तो सोडू नकोस, दोन्ही ठेव.

विश्रामबाग_काका
बरोबर. आणि मॅट खेचून, सगळे खिळे ठोकूनच सराव कर. ढिल्या मॅटवर बॉल कसाही वळतो, आपल्याला वाटतं आपणच वळवला.

पलूसचा_पेसर
काका, ताई, आभार. काल चाळीस बॉल टाकले. नऊ नीट आत आले, बाकीचे सरळ गेले. शेवटच्या दहाला कीपरला मीच स्टंपाला लागून उभा केला. पण पहिल्या बोटाची कड सोललीय, आज भाकरी मोडतानाही झोंबली. टेप लावून टाकू का?

विश्रामबाग_काका
टेप नको, शिवण बोटाला कळत नाही. दोन दिवस बॉल धरू नकोस. कातडं कोरडं झालं की रोज वीसच टाक, चाळीस नाही. कंबर कशी आहे ते आधी सांग.