हॉलमधला बाक स्वतः केलाय? मग काय काय चुकलं ते सांगा

चार पाय आणि वर एक फळी, यात काय अवघड, असं म्हणत बाक करायला घेतला. दोन शनिवार-रविवारांत उरकेल वाटलेलं काम दोन महिने पुरलं. आता तो हॉलमध्ये दिमाखात उभा आहे, फक्त एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. घरच्यांचं हसून झालंय, म्हणून इकडे आलो. जमलेला, फसलेला, अर्धवट राहून माळ्यावर गेलेला, कुठलाही बाक चालेल. कौतुकापेक्षा चुका जास्त हव्यात.

माझी चूक आधी सांगतो. एका लांब पट्टीवर 43-43 सेंमीच्या खुणा ओळीने करून घेतल्या आणि मग करवत चालवली. पात्यालाही जाडी असते हे डोक्यातच आलं नाही. दर कापात दोन-तीन मिमी लाकूड भुसा होऊन जातं, त्यात मी कधी रेघेच्या अलीकडून कापलं, कधी पलीकडून. चार पाय, चार उंच्या. एक तुकडा कापून झाल्यावरच पुढचा मोजायचा, हे नंतर कळलं.

---

पुठ्ठा काढू नका, आधी बाक उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून बघा. मी आठवडाभर पाय घासत बसले होते आणि दोष निघाला फरशीचा! खरंच पाय लहानमोठे असतील तर एकेक पाय अंदाजाने कापायचा नाही, त्यात बाकाचा पाट होतो. सपाट जागी ठेवायचा, पायांखाली पाचरी सारून वरची फळी पाणसळीने नीट करायची. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तो ठोकळा जमिनीवरून फिरवत चारही पायांना सगळीकडून रेघ मारायची. त्या रेघेवर कापलं की प्रश्न मिटला.

---

आमचा डुगडुगत नाही. उलटतो.

लांबी 150 सेंमी, आणि दिसायला छान म्हणून पाय दोन्ही टोकांपासून 25 सेंमी आत घेतलेले. तिघं बसलो होतो, मधले दोघं एकदम उठले आणि टोकाला बसलेली मी जमिनीवर. मुलगा हसायचा थांबल्यावर कागद घेऊन बसला. बाकाचं वजन 15 किलो, त्याचा मध्य पायापासून 50 सेंमीवर, म्हणजे 750. मी 60 किलोची, पायाच्या बाहेर 15 सेंमीवर, म्हणजे 900. पडणारच होते! आता पाय टोकाकडे सरकवलेत, बाहेर 10 सेंमीच फळी ठेवली आहे. त्यामुळे बसणाऱ्याचं वजन बाहेर पडतच नाही. दिसायला पूर्वीचाच छान होता, हेही खरं.

---

मी प्लायवूडचा केलाय, नावं ठेवायची तर ठेवा. 18 मिमीची फळी 150 सेंमीवर टाकली आणि दोन माणसं बसल्यावर तिची झोळी झाली. फळीची जाडी दुप्पट केली तर वाकणं आठ पटींनी कमी होतं, आणि आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर आठ पटींनी वाढतं. मी जाड फळी आणली नाही. खालून लांबीभर दोन पट्ट्या उभ्या (आडव्या नव्हे) गोंद आणि स्क्रूने बसवल्या. आता हलत नाही.

---

प्लायवूडला हसणाऱ्यांपैकी मी एक. अस्सल लाकडाची रुंद फळी आणली, खाली दोन आडव्या पट्ट्या गोंद लावून, स्क्रू पिळून घट्ट केल्या. काम एकदम पक्कं. हवा कोरडी झाली आणि एका रात्री काडकन आवाज आला. सकाळी पाहिलं तर फळीला मधोमध उभी चीर.

एका जुन्या सुतारांना दाखवलं. ते म्हणाले, लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. तुम्ही त्याला हलायला जागा ठेवली नाहीत, मग त्याने स्वतःच केली. दुसऱ्या फळीच्या वेळी आडव्या पट्टीतलं मधलं भोक साधं ठेवलं आणि बाजूची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट केली. पट्टीला गोंद लावला तो फक्त मध्यावर, बोटभर. शिवाय फळी आणल्या आणल्या कापली नाही. दोन आठवडे हॉलमध्येच, खाली काठ्या घालून, वारा लागेल अशी ठेवली.

---

सांध्यातून बाहेर आलेला गोंद तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसा. मी पुसला नाही. पॉलिश त्या जागी मुरलंच नाही आणि अजून पांढरट ठिपके दिसतात. पाहुणे बरोबर तिथेच बोट ठेवतात.

---

पॉलिशवरून आठवलं, आणि हे गमतीत घेऊ नका. मी जवसाचं तेल लावलं होतं. फडकी चुरगाळून बादलीत टाकली. तासाभराने वास आला म्हणून गेलो तर गठ्ठा हाताला चटका देत होता. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चुरगाळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता आग लागू शकते. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा.

---

धागाकर्ता परत आलोय. बाक तीन कोपऱ्यांत फिरवून पाहिला, तिन्हीकडे डुगडुगला. फरशी निर्दोष आहे. पाचरी सारून रेघा मारल्या आहेत, सर्वात लांब पायाचे सहा मिमी जाणार. पात्याची जाडी रेघेच्या कुठल्या बाजूला ठेवायची हे या वेळी पेन्सिलीने फुली मारून ठेवलंय.