साखरेला किमान भाव लावावा का? (ऊस, साखर, मळीचा बाजार)

गणपतगल्ली_ट्रेडर:

आपल्या या ऑनलाइन व्यापाराच्या खेळात, सर्व्हरवर साखर सलग नऊ फेऱ्या (एक फेरी सहा तासांची) पडेल भावात आहे. आज सकाळच्या फेरीची विक्रीची पाटी अशी: ३२.४० ला ९,०००, ३२.४१ ला १४,०००, ३२.४२ ला ६,५००. घेणाऱ्याची सगळ्यात वरची बोली ३१.९०. जो तो शेजाऱ्याच्या एक पैसा खाली लावून पुढं उभा राहायलाय.

नव्यांसाठी हिशेब. एका गाळपाला ऊस १०० नग, वीज २० युनिट. निघते साखर १० आणि मळी ४. ऊस ३.१० नं ३१०, वीज ०.८० नं १६, मजुरी २२, एकूण ३४८. मळीचे ९ नं ३६ येतात. बाजारफी ४ टक्के, ती विकणाऱ्याच्या अंगावर. म्हणजे साखर ३२.६५ च्या खाली गेली की ऊस विकत घेऊन गाळणारा तोट्यात.

डेव्हलपरकडं मागणी करायची म्हणतोय की साखरेला ३४ चा किमान भाव बांधा, त्याखाली ऑर्डरच लागू नये. खऱ्या बाजारात केंद्रानं २०१८ च्या जूनमध्ये किलोला २९ रुपये किमान विक्रीदर लावला, २०१९ च्या फेब्रुवारीत तो ३१ केला. आपल्या भागात ऊस कुणाला नवा नाही, तेव्हा हे इथं का चालू नये ते सांगा. पाठिंबा असेल तर तसंही लिहा.

निपाणी_वखार:

अण्णा, अर्धीच नक्कल करायलाय तुम्ही. २०१८ ला किमान दर आला तेव्हा जोडीला महिन्याचा विक्री कोटाही आला, कुठल्या कारखान्यानं किती साखर बाजारात काढायची ते ठरवून. नुसता भाव बांधून माल मोकळा सोडला तर काय होतं ते क्रमानं बघा.

पहिलं, सगळ्यांच्या ऑर्डरी ३४ वरच उभ्या राहणार. आपल्या बाजारात एकाच भावाला आधी आलेल्याचा माल आधी जातो. मग भावाची स्पर्धा संपते आणि घड्याळाची सुरू होते. फेरी पालटते तेव्हा पहाटे तीनला जो जागा, त्याची साखर खपली. बाकीच्यांच्या वखारी भरल्या, वर वखारीचं भाडं चालूच. किमान भाव हवाच असेल तर त्या भावाला विक्री ऑर्डरीच्या प्रमाणात वाटून द्यायला लागेल, आणि ते कोड कुणी लिहिलेलं नाही.

दुसरं, खासगी करार. ते बाजाराबाहेर होतात आणि त्यांना फी नाही. पाटीवर ३४, करारात ३१, पाटी रिकामी. आता म्हणाल की करारालाही किमान भाव लावू. लावा की. मी तुम्हाला १,००० साखर ३४ नं देतो, ३४,००० घेतो. त्याच दिवशी तुमच्याकडून ५,००० युनिट वीज ०.८० ऐवजी १.४० नं घेतो. ३,००० परत तुमच्या खिशात, साखर पडली ३१ ला. कागद स्वच्छ. हे पकडायचं तर विजेलाही कमाल भाव लावा, मग मळीला, मग बगॅसला (उसाच्या चिपाडाला). कुठं थांबणार?

कोट्यातही हीच खोच आहे. साठ्यावर कोटा दिला तर माणूस दुसरं खातं उघडून साठा दाखवणार. गाळपावर दिला तर कोट्यासाठी म्हणून सगळे जास्तच गाळणार, म्हणजे रोग वाढवून औषध.

खानापूर_फड:

भावाकडं बघत बसलाय, फडाकडं बघा की. लावणीचा ऊस १२ फेऱ्यांनी तोडायला येतो, एक फेरी सहा तासांची, म्हणजे तीन दिवस. साखर ३८ ला गेली होती तेव्हा सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लावण केली. ती सगळी एकाच फेरीत कारखान्याच्या दारात. आज भाव पडलाय म्हणून सगळे लावण थांबवणार, आणि १२ फेऱ्यांनी परत टंचाई. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव आहे, निकोलस काल्डॉर या अर्थतज्ज्ञानं १९३४ मध्ये दिलेलं. मार्केट यार्डातल्या कांद्याला ते कुणी शिकवायला लागत नाही.

पण आपल्या सर्व्हरवर त्यात खोडवा (तोडल्यावर त्याच बुडख्यातून परत फुटलेला ऊस) मिसळलाय, आणि खरी गोम तिथं आहे. लावणीचा ऊस नगाला २.६० ला पडतो. खोडव्याला बियाणं नाही, नांगरट नाही, तो १० फेऱ्यांत येतो आणि २.२० ला पडतो. दोन खोडवे घेता येतात. म्हणजे एका चढ्या भावाची लावण १२, २२ आणि ३२ व्या फेरीला तीनदा बाजारात येते. भाव पडला म्हणून खोडवा कोण मोडत नाही, कारण मोडला तर पुढच्या वेळी बियाण्याचे पैसे नव्यानं घालायला लागतात. चढताना बाजार एका दिवसात चढतो आणि उतरायला आठवडा घेतो, ते यामुळं.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. लावणीची पाटी लावा. नावं नकोत, फक्त कुठल्या फेरीला एकूण किती ऊस तोडायला येणार तेवढं. आज माणूस लावण करतो ती आजचा भाव बघून. माल येणाऱ्या फेरीत किती गर्दी आहे हे त्याला दिसतच नाही. अठराव्या फेरीला आधीच दुप्पट ऊस उभा आहे हे दिसलं तर निम्मे लोक कापसाकडं वळतील. यात कुणाचा भाव बांधायला लागत नाही.

चिकोडी_गाळप:

खानापूरकरांचं पटतं, पण तोट्यात असूनही कारखाने बंद का पडत नाहीत हे त्यात येत नाही. आकडे घ्या.

३२.४० नं साखरेचे ३२४, मळीचे ३६, मिळून ३६०. फी वजा जाता ३४५.६०. खर्च ३४८. तोटा २.४०. कारखाना बंद ठेवला तर? निम्मी मजुरी तरीही जाते, तोटा ११. म्हणजे चालू ठेवणंच शहाणपणाचं. बंद करायची रेषा ३१.५० ला येते. ३२.६५ आणि ३१.५० च्या मधल्या या १.१५ रुपयांच्या पट्ट्यात बाजार अडकलाय. सगळे तोट्यात, आणि तरी कुणालाच थांबणं परवडत नाही. नऊ फेऱ्या भाव का हलला नाही त्याचं उत्तर हेच. आणि ऊस आणून ठेवू, मग गाळू, असं कुणी करू नये. तोडलेल्या उसाचा उतारा इथंही दर फेरीला घसरतो, शिळ्या उसाला १० ऐवजी ९ साखर आली की सगळा हिशेब पाण्यात.

आता ज्यांचा ऊस स्वतःचा आहे त्यांचं बघा. ते सांगतात, "आम्हाला ऊस २.६० ला पडतो, आम्ही फायद्यात." ही वही चुकीची आहे. तो ऊस बाजारात ३.१० ला जातो, फी जाऊन १०० नगांचे २९७.६० हातात येतात. उसाची किंमत ती धरायची, लागवडीचा खर्च नाही. पण तसं धरूनसुद्धा ते पुढं आहेत: ३४५.६० मधून वीज १६ आणि मजुरी २२ काढली की उसाला ३०७.६० सुटतात. ऊस विकण्यापेक्षा दहा जास्त.

हे दहा कुठून आले? फीमधून. विकत घेणाऱ्याच्या साखरेवर फी दोनदा बसते, एकदा उसावर आणि एकदा साखरेवर. घरच्या उसाला एकदाच. जीएसटी येण्याआधी, म्हणजे १ जुलै २०१७ च्या आधी, करावर कर चढायचा तसलाच प्रकार. त्यामुळं बाजारातून ऊस घेणारा कारखाना आधी मरतो आणि सगळं स्वतःच करणारा मोठा खेळाडू उरतो. किमान भाव लावला तर त्यालाच अजून बळ मिळेल.

उपाय: कच्च्या मालावरची फी ४ वरून १ टक्का करा. मग ऊस विकून ३०६.९० हातात येतात आणि गाळून ३०७.६०. दहाचा फायदा ७० पैशांवर आला. साखर जरा अजून घसरली तर मोठे लोकही गाळप थांबवून ऊस विकायला काढतील.

तोवर लहानांनी काय करायचं: ऊस करारानं घ्या. विकणाऱ्याला ३.०४ द्या, त्याला बाजारात २.९८ सुटतात, त्याचाही फायदा, तुमचे गाळपाला ६ वाचले. आजच्या २.४० च्या तोट्याचे ३.६० नफ्यात होतात.

गणपतगल्ली_ट्रेडर:

वखारवाले, विजेचा डाव बघून किमान भावाची मागणी मागं घेतो.

लावणीच्या पाटीबद्दल मात्र शंका आहे. कोणीतरी मुद्दाम दहा हजार नगांची लावण नोंदवून सगळ्यांना घाबरवणार आणि दोन फेऱ्यांनी रद्द करणार. तेव्हा बियाणं वापरलं गेल्यावरच आकडा पाटीवर यावा, आणि रद्द केलं तर बियाणं परत मिळू नये.

अजून एक. ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात २०२१ च्या डिसेंबरात बाजारावर १ टक्का कर बसवला आणि त्यातल्या काही पैशांनी माल विकत घेऊन खेळातून नष्ट करायला सुरुवात केली. आपल्या फीच्या पैशातून तशी साखर उचलली तर?

निपाणी_वखार:

तिथं ते चालतं कारण तलवार, चिलखत झिजत नाही, एकदा आलेलं खेळात राहतं. साखर दुकानातून रोज खपते. तिला पडेल भावात ठरलेला गिऱ्हाईक दिला की लोक त्याच्यासाठीच गाळणार, म्हणजे किमान भावच, फक्त मागच्या दारानं.

कच्च्या मालाची फी १ टक्का करायला माझी हरकत नाही. पण फी हाच खेळातून पैसा बाहेर जायचा मोठा रस्ता आहे. दुकानातली खेळानंच उभी केलेली बनावट गिऱ्हाईकं दर फेरीला नवा पैसा ओततच असतात. फी कमी केलीत तर तेवढं दुसरीकडून काढायला लागेल, नाहीतर इमारती वाढवायचा खर्च किरकोळ वाटायला लागतो आणि सगळे आणखी कारखाने टाकतात. वखारीचं भाडं साठ्याप्रमाणं चढतं करा. नगाला सरसकट भाडं असल्यानं आज साखर दाबून ठेवणाऱ्याला काहीच टोचत नाही.

खानापूर_फड:

भाडं चढतं करणार असाल तर तोडणीच्या पहिल्या दोन फेऱ्या सोडून करा. ऊस एकदम येतो, वखार तेव्हा भरणारच, त्याला साठेबाजी म्हणू नका. पाटी आधी चाचणी सर्व्हरवर लावा आणि ३२ फेऱ्या थांबा. त्याआधी निकाल लावू नका, दुसरा खोडवा तोवर आलेलाच नसतो.