मदत हवी आहे : 'लाय'चा भूतकाळ ले, लेड की लाइड? (तातडीचं)

तापीकाठचा :
मुलीचा उद्या साडेअकराला इंग्रजीचा पेपर आहे. 'लाय'चा भूतकाळ सांगा. गाइडात एक, क्लासच्या नोट्समध्ये दुसरं, मोबाइल तिसरंच दाखवतो. फक्त उत्तर द्या, 'पाया पक्का करा' वगैरे नको. चोपड्यात संध्याकाळपासून लाइट ये-जा करतेय.

भुसावळकर०७ :
कोणता लाय? खोटं बोलायचा की आडवं पडायचा? वाक्य टाका.

तापीकाठचा :
लाय म्हणजे लाय. एल-आय-ई.

भुसावळकर०७ :
दोन्हीचं स्पेलिंग तेच आहे, म्हणून तर विचारतोय भो.

जुना_मास्तर :
३१ वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं. पोरीकडून हे घोकून घ्या :
पडून असणे : लाय – ले – लेन
ठेवणे, अंडं घालणे : ले – लेड – लेड
खोटं बोलणे : लाय – लाइड – लाइड
रोज परिपाठानंतर दहा वेळा म्हणवून घ्यायचो. बाजारात भेटले तर अजून म्हणून दाखवतात.

केळीवाला_रावेर :
मास्तर, राग मानू नका, पण घोकूनच तर पोरांचा घोळ होतो. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे आहे ना, तसंच हे. लाय म्हणजे आपोआप पडून असणं, त्याला कर्म नाही. ले म्हणजे काहीतरी ठेवणं, कर्म पाहिजेच. जुन्या इंग्रजीतही ले हे लायचंच प्रयोजक रूप होतं. घड बांधावर पडून होता : 'ले'. मी घड बांधावर ठेवला : 'लेड'. मेख एवढीच की लायचा भूतकाळ आणि ठेवण्याचं मूळ रूप, दोन्ही एल-ए-वाय. खोटं बोलायच्या लायचं मूळच वेगळं, त्याला यात ओढू नका.

जुना_मास्तर :
पेपरला पाच मिनिटं उरली असताना पोर कर्म शोधत बसेल का?

केळीवाला_रावेर :
मग दहा वेळा म्हणत बसेल का?

अमळनेरची_सून :
हँगचं पण असंच आहे हं. माणसाला फाशी दिली तर हँग्ड, कपडे टांगले तर हंग. आमच्याकडे यावरून जाऊबाईंशी अर्धा तास वाद झाला होता.

तापीकाठचा :
ताई, हँग कोणी विचारलं?

खान्देशी_गडी :
अहिराणीमा 'ले' म्हंजे 'ला'. माले, तुले, त्याले. बाकी माले काही समजत नही.

लेवा_पाटील :
लेवा गणबोलीतही 'माले'च आहे. असोद्याला येऊन ऐका.

अमळनेरची_सून :
असोद्याला कोणी गेलंच तर भरिताची वांगी आणा. हिरवी, पांढरट रेघांची. जांभळी नकोत.

तापीकाठचा :
वांगी राहू द्या हो. वही सापडली. 'द कॉटन डॅश इन द फील्ड फॉर टू डेज.' कंसात एल-आय-ई. पोरीने 'लेड' लिहिलंय आणि क्लासच्या सरांनी त्यावर बरोबरची खूण केलीय.

भुसावळकर०७ :
हेच पहिल्यांदा टाकलं असतं तर! कापूस शेतात पडून होता, कोणी ठेवला नव्हता. 'ले'. आधी हॅड असता तर 'हॅड लेन'. सरांची खूण चुकली.

जुना_मास्तर :
बरोबर. 'ले'च.

केळीवाला_रावेर :
सरांना फार बोलू नका. बोलताना इंग्रज लोकसुद्धा इथं सर्रास 'लेड' म्हणून जातात. पेपरात मात्र मार्क जातील.

जुना_मास्तर :
जातीलच. मी कापलेत.

तापीकाठचा :
तिला सांगितलं. म्हणते, सरांना तुम्हीच फोन करा, मी नाही सांगणार. आणि आता विचारतेय, आयएनजी लावल्यावर 'लाइंग' की 'लेइंग'? लवकर सांगा, मोबाइल ४ टक्क्यांवर आलाय.

भुसावळकर०७ :
वाक्य टाका.