भाऊ जेलमध्ये आहे, बायपोलरच्या गोळ्या आत कशा पोचवायच्या?

कळवेकर_ताई: जेलचं नाव लिहीत नाही, आपल्याकडचंच आहे. लहान भाऊ न्यायालयीन कोठडीत. बाहेर असताना मूड ताब्यात ठेवणारं लिथियम चालू होतं, रात्री झोपेची क्लोनाझेपाम. मुलाखतीला गेले तर नुसता बडबडत होता, म्हणाला दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, गोळ्या कधी देतात कधी नाही. मी स्ट्रिप घेऊन गेलेले त्या गेटवरूनच परत. वकील म्हणतात जामिनाचं होऊ दे मग बघू. काय करू?

वाशीचा_काका: गेटवर कोणीच घेत नाही ताई, आतल्या डॉक्टरच्या हातूनच जातं सगळं. झोपेच्या गोळ्यांची आत देवाणघेवाण चालते म्हणून समोर उभं करून गिळायला लावतात. प्रिस्क्रिप्शन, जुने रिपोर्ट सगळ्याची झेरॉक्स सुपरिटेंडेंटच्या नावाने अर्ज करून द्या आणि पोच घ्या, पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

कोर्टनाका: जामिनाचा आणि उपचाराचा काय संबंध?? वकिलांना सांगा, ज्या कोर्टात केस आहे तिथेच उपचारासाठी वेगळा अर्ज टाका, मानसोपचार तज्ज्ञाकडून तपासणी आणि रिपोर्ट मागवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 103 वाचा. जेलच्या डॉक्टरने दर 3 महिन्यांनी बोर्डाला (या कायद्याखालचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ) लिहून द्यायचं की आमच्याकडे मानसिक आजाराचा एकही कैदी नाही! आणि असेल तर त्याला उपचारासाठी मानसोपचाराच्या दवाखान्यात का नाही हलवलं हे बोर्ड विचारू शकतं. आता इतकी गर्दी असलेल्या जेलमध्ये असं कोण कसं लिहून देतं देव जाणे. वकील टाळत असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

मेडिकलवाली_ऐरोली: अर्जात लिथियमची रक्ततपासणी नक्की लिहा. डोस थोडा वर गेला तरी विषबाधा होऊ शकते. घाम, जुलाब, पाणी कमी पिणं यानेही रक्तातली लेव्हल चढते आणि अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लो दिली तर अजूनच, त्यामुळे लिथियम चालू आहे हे तिथल्या कंपाउंडरला पण माहीत पाहिजे. आणि क्लोनाझेपाम रोजची असेल तर एकदम तोडायची नसते, फिट येऊ शकते, हे त्याच्या डॉक्टरकडून लेटरहेडवर लिहून आणा.

कळवेकर_ताई: डॉक्टर म्हणतात पेशंट बघितल्याशिवाय नवीन चिठ्ठी देणार नाही.

कोर्टनाका: नवीन नकोच. आधी काय चालू होतं एवढंच सर्टिफिकेट मागा, जुनी फाईल त्यांच्याकडेच असेल ना. ते अर्जाला जोडा आणि पुढच्या तारखेची वाट बघू नका, अर्जंट म्हणून लावायला सांगा.