पुतण्याला अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजचा बास्केटबॉल कोच बोलावतोय, थोरला आधीच तिथं खेळतोय. ह्याला स्कॉलरशिप म्हणायचं की वशिला?

रंकाळ्याचा_वारा

नमस्कार मंडळी. विषय जरा लांबचा आहे पण इथं तिकडं असणारे बरेच जण आहेत म्हणून टाकतोय. माझा मोठा भाऊ विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळ असतो, त्याची दोन्ही पोरं बास्केटबॉलवेडी. थोरला तिथल्याच एका छोट्या खासगी कॉलेजात सेकंड इयरला आहे, टीममध्ये पण आहे, मधून मधून खेळवतात. धाकटा अकरावीला, सहा फूट दोन इंच, गार्ड (मागनं बॉल पुढं आणणारा) खेळतो. आता त्याच कॉलेजचा कोच धाकट्याच्या मागं लागलाय, आठवड्याला मेसेज काय, कॅम्पसवर बोलवून जेवायला काय घातलं, लॉकर रूममध्ये थोरल्याच्या शेजारचा रिकामा लॉकर दाखवून म्हणे "हा तुझा".

आता इकडची गंमत. आमचे आबा कोल्हापुरात शिवाजी पेठेत सगळ्या कट्ट्यावर सांगून बसलेत की नातवाला अमेरिकेत खेळावर स्कॉलरशिप मिळाली, पेढे पण वाटले. आणि भाऊ काल फोनवर म्हणतो की खेळाचा एक डॉलर पण मिळणार नाही, ती डिव्हिजन थ्री आहे. वहिनीचं म्हणणं मग बोलवतोय कशाला तो. मला वाटतंय थोरला आहे म्हणून धाकट्याला आत घेतायत, आणि तसं असलं तर पोराचं पुढं काय, सगळे भावाच्या नावानंच ओळखणार. कोच "तुझी जागा आहे" म्हणाला म्हणजे ॲडमिशन पक्की धरायची का? कुणाला अनुभव असला तर सांगा, आबांना उत्तर द्यायचंय.

ओहायोतला_पैलवान

भावा तुझा भाऊ बरोबर बोलतोय. एनसीएए म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था, तिनं १९७३ ला कॉलेजांचे तीन गट (डिव्हिजन) केले तेव्हापासून डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नाही म्हणजे नाही. डिव्हिजन वनला पुरुषांच्या बास्केटबॉलला वर्षानुवर्षं १३ फुल स्कॉलरशिप असायच्या, टूला दहाएक स्कॉलरशिपचे पैसे पोरांत वाटून देतात, आणि थ्री मध्ये शून्य. नुसतं शून्य नाही, तर मदत ठरवताना पोरगं किती चांगलं खेळतं हे बघायचंच नाही असा नियम आहे. अभ्यासाच्या मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर जे मिळेल ते मिळेल. ही कॉलेजं चारशेच्या वर आहेत, तिन्ही गटांत सगळ्यात जास्त हीच, त्यामुळं "अमेरिकेत कॉलेजला खेळतो" म्हणणाऱ्यांतली कितीतरी पोरं हीच असतात.

आता वहिनींचा प्रश्न, मग बोलवतोय कशाला. हे कुणी तोंडावर सांगत नाही म्हणून मी सांगतो. हजार बाराशे पोरांची छोटी खासगी कॉलेजं असतात, त्यांना दरवर्षी वर्ग भरायची चिंता. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तिसरा हिस्सा, कुठं कुठं अर्धी पोरं कुठल्या ना कुठल्या टीमची असतात. काही ठिकाणी कोचला वरून आकडाच येतो की यंदा एवढी पोरं आण. कोच चांगला माणूस असेल, त्याला तुझा पुतण्या खरंच आवडला पण असेल, पण तो एकाच वेळी टीम पण भरतोय आणि कॉलेज पण. म्हणून जेवण, म्हणून लॉकर. तो रिकामा लॉकर त्या महिन्यात आणखी किती जणांना दाखवला ते विचारायला लावा पोराला (चेष्टा करतोय, पण अर्धीच).

कोचच्या शब्दाचं म्हणशील तर टीममधली जागा देणं त्याच्या हातात, कॉलेजातली नाही. ॲडमिशन ऑफिस वेगळं. जिथं प्रवेश अवघड आहे अशा कॉलेजात कोच बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात मार्कशीट ऑफिसला दाखवून घेतो, त्याला प्री-रीड म्हणतात, तिथून हिरवा कंदील आला की मग शब्दाला वजन. जिथं अर्ज केला की बहुतेकांना घेतातच तिथं हा प्रश्नच नाही, पण मग "मी तुला आत घेतलं" म्हणायला कोचला पण जागा नाही.

पेठेतला_बॅक

पेढे वाटले 😂😂 आबा म्हणजे आबाच

मला बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही पण घराण्याचं कळतं. आपल्याकडं फुटबॉलला काय वेगळं आहे? आजा ज्या तालमीकडनं खेळला तिथंच बाप, तिथंच पोरगं, दुसऱ्या तालमीची जर्सी घातली तर घरात जेवण मिळायचं नाही. शाहू स्टेडियमवर नाव अनाउन्स झालं की मागनं आवाज येतोच, "अरे ह्याचा बा काय खेळायचा!" पोरगं अजून बॉलला शिवलेलं पण नसतं. पण आपल्याकडं पब्लिक सोडत नाही ना, आडनावावर पहिल्या टीमला एखादी मॅच मिळते, दोन मिळतात, तिसऱ्या मॅचला पेठच म्हणते बसवा त्याला. त्यामुळं थोरल्यामुळं बोलवलं तर बोलवू दे की, दार उघडलं एवढंच, आत काय ते त्याचं त्यानं.

आणि वशिला कसला त्यात, पैसे पण तुम्हीच भरणार, पळणार पण तुमचंच पोरगं. असला वशिला मी पहिल्यांदा ऐकतोय.

मॅडिसनची_वहिनी

विस्कॉन्सिन म्हटल्यावर मला राहवेना, सासर तिथलं 😊 (म्हणजे नवऱ्याची नोकरी, सासर गडहिंग्लज).

ह्या राज्यात छोट्या कॉलेजचं बास्केटबॉल म्हणजे घराण्यांचाच खेळ आहे. बेनेट घराणं घ्या. डिक बेनेट स्टीव्हन्स पॉइंटच्या कॉलेजला कोच होते, मग ग्रीन बेला गेले, तिथं त्यांचा मुलगा टोनी त्यांच्याच हाताखाली खेळला, आणि त्याच टोनीनं २०१९ ला व्हर्जिनियाला डिव्हिजन वनचं विजेतेपद मिळवून दिलं. डिक यांचे भाऊ जॅक, त्यांनी स्टीव्हन्स पॉइंटला २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोनदा डिव्हिजन थ्रीची चॅम्पियनशिप जिंकून दिली आणि त्या टीममध्ये त्यांचा स्वतःचा मुलगा निक होता. डिक यांची मुलगी कॅथीनं तर ऑशकॉशच्या मुलींना १९९६ ला चॅम्पियन केलं. आता त्या निकला बापामुळं घेतलं म्हणायचं का? बापानं घेतलं हे खरंच आहे, पण दोन चॅम्पियनशिप झाल्यावर कोण विचारतंय. पलीकडं आयोवात ग्रिनेल कॉलेजला पण तेच, डेव्हिड आर्सेनो कोच, मुलगा त्यांच्याकडंच पॉइंट गार्ड, २००७ ला त्या मुलानं एका मॅचमध्ये ३४ असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होतो ते) दिले, आणि पुढं तोही कोचच झाला. त्यांची खेळायची पद्धत वेगळीच आहे, दर मिनिटाला पाच पोरं बदलायची आणि लांबून तीन पॉइंटचे शॉट मारत सुटायचं, तिथंच २०१२ ला एका पोरानं एका मॅचमध्ये १३८ पॉइंट केलेत. छापताना चूक नाही, एकशे अडतीस.

एक मात्र सांगते, आडनावाचा फायदा खेळापुरता एक आणि ॲडमिशनचा वेगळा, ते दोन्ही एकत्र करू नका. बाप किंवा आई त्या कॉलेजची माजी विद्यार्थी असली की मुलाला प्रवेशात झुकतं माप द्यायचं, ह्याला तिथं लेगसी म्हणतात, आणि ते आता बऱ्याच ठिकाणी बंद होत चाललंय. ॲमहर्स्टनं २०२१ ला थांबवलं, वेस्लियननं २०२३ ला, ही दोन्ही डिव्हिजन थ्रीचीच कॉलेजं. तुमच्या भावाचं शिक्षण तिथलं नसणार, त्यामुळं तसला प्रश्न नाही, थोरला तिथं शिकतोय ह्याचं वजन फार तर थोडं.

आणि भाऊ विस्कॉन्सिनमध्येच राहतात ना? मग सरकारी कॉलेजं का बघत नाहीत? प्लॅटव्हिल, व्हाइटवॉटर, स्टीव्हन्स पॉइंट, ऑशकॉश ही सगळी सरकारी आहेत, राज्यातल्या मुलाला फी कमी, आणि खेळ म्हणाल तर प्लॅटव्हिलनं एकट्या नव्वदच्या दशकात चार विजेतेपदं घेतलीत कोच बो रायनच्या वेळी. फक्त तिथं टीममध्ये शिरणं जास्त अवघड.

रंकाळ्याचा_वारा

वहिनी, पैलवान, दोघांचे आभार, आबांना बेनेट घराणं सांगितलं तर म्हणाले "म्हणजे आपल्या तालमीसारखंच की", आता त्यांना स्कॉलरशिपचं काही वाटेना झालंय, घराणं महत्त्वाचं 😅

एक राहिलं. भाऊ म्हणत होता दोन्ही पोरं एकाच वेळी कॉलेजला असली की सरकारी मदत वाढते, म्हणून तो जरा निवांत आहे. हे खरं का? आणि कॉलेजची फी वर्षाला ६० हजार डॉलर लिहिलीय वेबसाइटवर, मी रुपयात हिशोब केला आणि पाणी प्यालो.

ओहायोतला_पैलवान

रुपयात करू नकोस रे, झोप लागत नाही.

६० हजार हा बोर्डावरचा आकडा. खासगी कॉलेजं फर्स्ट इयरच्या पोरांना फीमध्ये सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात, तिला मेरिट स्कॉलरशिप असं गोंडस नाव असतं, पत्र पण छान जाड कागदावर येतं. त्यामुळं आबा अगदीच खोटं बोलले नाहीत, स्कॉलरशिपचं पत्र येईलच, फक्त ते खेळाचं नसणार. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, कायद्यानं ठेवावाच लागतो, भावाला सांग उत्पन्न टाकून आजच बघ, कोचच्या दहा मेसेजपेक्षा ते जास्त खरं बोलतं.

दोन पोरांचं मात्र भावाच्या डोक्यात जुनं बसलंय. एफएएफएसए म्हणून जो सरकारी फॉर्म असतो त्यात आधी घरात दोन पोरं कॉलेजला असली की घरानं किती भरायचं तो आकडा दोघांत विभागायचे, २०२४-२५ पासून ते काढून टाकलं. आता दोन असोत की चार, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. काही कॉलेजं स्वतःच्या खिशातनं भावंडांना सवलत देतात, ती तेवढी विचारून घ्या, आणि लेखी घ्या.

आणि तसंही जरा गणित कर. थोरला आत्ता सेकंड इयरला, धाकटा अकरावीला. धाकटा फर्स्ट इयरला जाईल तेव्हा थोरला शेवटच्या वर्षाला. म्हणजे दोघं भाऊ एकत्र खेळणार तो एकच सीझन! डिव्हिजन थ्रीला सीझन म्हणजे पंचवीसेक मॅच, त्यात फर्स्ट इयरचं पोरगं किती खेळणार? आईबापाला दोघांचा एका जर्सीतला फोटो मिळेल आणि पुढची तीन वर्षं धाकटा एकटाच तिथं. ती तीन वर्षं त्याला ते गाव, तो विषय, ती लायब्ररी चालणार असली तरच जा. उद्या गुडघा गेला आणि खेळ सुटला तरी तिथं राहशील का, एवढंच पोराला विचारा. भावाला नको, वहिनीला नको, थोरल्याला तर अजिबात नको, पोराला एकट्याला.

कोचला विचारायचं ते पण सांगतो. आत्ता फर्स्ट आणि सेकंड इयरला गार्ड किती आहेत, कारण ते सगळे धाकटा येईल तेव्हा तिथंच असणार. त्याच्याबरोबर त्याच वर्षी आणखी किती गार्ड आणताय. ज्युनियर टीम वेगळी आहे का, कारण डिव्हिजन थ्रीला किती पोरं ठेवायची ह्याला एनसीएएची मर्यादा नाही, पंचवीस-तीस पोरं घेऊन निम्मी ज्युनियर टीमला टाकणारी कॉलेजं आहेत. आणि गेल्या चार वर्षांत घेतलेल्यांपैकी किती शेवटपर्यंत टिकले. शेवटच्या प्रश्नाला कोच किती वेळ घेतो ते बघ.

निवृत्त_पीटी_सर

चर्चा वाचली. मला ह्यातलं पटलं ते असं की तिकडं निदान सरळ सांगतात खेळाचे पैसे नाहीत. आपल्याकडं खेळाडू मुलाला दहावी-बारावीला वाढीव गुण, नोकरीत ५ टक्के आरक्षण, त्यामुळं पालक सर्टिफिकेटसाठी खेळवतात, मी सगळी नोकरी हेच बघितलं. जिल्हा स्पर्धा झाली, सर्टिफिकेट हातात पडलं की दुसऱ्या दिवशीपासून मुलगा मैदानावर दिसत नाही.

घराण्याचं म्हणाल तर खाशाबा जाधवांचे वडील पैलवान होते, घरातनंच कुस्ती आली. पण १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. कॉलेजच्या माणसानं खेळाडूसाठी काय करावं ते आपल्या गावानं त्याच वेळी दाखवलंय, त्यामुळं तिथला कोच जेवायला घालतो ह्याचं मला फार अप्रूप नाही. मुलगा खेळेल तिथं जाऊ द्या. बसवून ठेवणाऱ्या मोठ्या टीमपेक्षा खेळवणारी छोटी टीम कधीही बरी.

पेठेतला_बॅक

सर एक नंबर 🙏

तांबडा_पांढरा_एकत्र

छोट्या कॉलेजातनं पुढं कुणी गेलंय का कधी? का तिथंच संपतं?

मॅडिसनची_वहिनी

गेलेत, पण बोटावर मोजण्याइतके. डंकन रॉबिन्सन विल्यम्स कॉलेजला होता, डिव्हिजन थ्री, २०१४ ला फायनलला दोन पॉइंटनी हरले, तेही आमच्या व्हाइटवॉटरकडून. मग तो मिशिगन युनिव्हर्सिटीला गेला आणि तिथनं एनबीएच्या मायामी हीट टीमला, ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवी पोरं निवडतात तेव्हा) कुणी घेतलं नव्हतं तरी २०२० ला एनबीए फायनल खेळला. पण हे नाव घरात काढू नका, आबा आणखी पेढे वाटतील.

रंकाळ्याचा_वारा

आबांपर्यंत नाही पोचवत 😂

भावाशी बोललो. दोन पोरांची मदत विभागायची बंद झाली हे त्याला खरंच माहीत नव्हतं, आता तो कॅल्क्युलेटर लावून बसलाय. धाकट्याशी पण बोललो एकट्याशी, तर तो म्हणतो काका मला दादाच्या कॉलेजात जायचंय पण दादा गेल्यावर! म्हणजे त्याला थोरल्याच्या शेजारचा लॉकर नकोच आहे म्हणे, कारण थोरला घरात पण त्याचे सॉक्स वापरतो. आता सरकारी कॉलेजांपैकी दोन बघायला जाणार आहेत आणि ह्या कोचला गार्ड किती ते पोरगं स्वतः विचारणार आहे, उत्तर आलं की टाकतो इथं.

आणि वहिनी, ते मॅच लाइव्ह दिसतात म्हणे कॉलेजच्या साइटवर? आबांना थोरल्याची एक तरी दाखवायची आहे.

मॅडिसनची_वहिनी

बहुतेक कॉलेजं दाखवतात, साइटवर शेड्युलमध्ये लिंक असते. हिवाळ्यात इथली संध्याकाळी सातची मॅच म्हणजे तुमच्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. शनिवारी दुपारची असेल तर आबांना रात्री अडीचला उठवावं लागेल, ते तुमचं तुम्ही बघा.