मदत हवी आहे : बांगलादेशातल्या संपकरी शिलाई कामगारांसाठी ईमेल मोहीम

मंडळी, नागपुरातून पत्रं पाठवतोय. तिथल्या युनियनची लेखी संमती आहे. त्याशिवाय एक ओळही पाठवू नये, चुकीच्या मागणीने त्यांचीच बोलणी फिसकटतात. पत्र कारखान्याला नाही, माल घेणाऱ्या ब्रँडच्या मुख्यालयाला. खरा दबाव तिथूनच येतो.

अडचण अशी की एकाच मजकुराची शंभर पत्रं गेली की ती स्पॅममध्ये पडतात. विषय आणि पहिल्या दोन ओळी स्वतःच्या लिहा म्हटलं, तर निम्मे लोक गळतात. कुणी यावर काय केलंय?

शिवाय संविधान चौकातल्या फोटोसाठी बंगाली फलक हवाय. त्यात आयएलओचे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे) करार ८७ आणि ९८ (युनियन करण्याचा आणि एकत्र बोलणी करण्याचा हक्क देणारे, बांगलादेशाने १९७२ मध्ये स्वीकारलेले) यावेत. शुद्ध बंगाली कोण लिहून देईल? आणि संपकऱ्यांचे चेहरे दिसणारे फोटो कृपया पुढे पाठवू नका, त्यावरून नोकऱ्या जातात.